आसीरगडावर मुलीने विचारलेला प्रश्न

भुसावळच्या माणसाला बुऱ्हाणपूर परकं नाही. आमच्या मोहल्ल्यात कितीतरी घरांची सोयरीक तिकडची. लग्नाला जायचं, मांडे खायचे, मावा जिलेबीचा पुडा घेऊन परत गाडी पकडायची, एवढंच आमचं बुऱ्हाणपूर. तिथून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर सातपुड्यात आसीरगड आहे. हा किल्ला दोनशे वर्षं खानदेशच्या फारुकी सुलतानांकडे होता, पण आमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेलाच नव्हता.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही वीस-बावीस जण फजरनंतर निघालो. काही शिक्षक, रेल्वेतून निवृत्त झालेले दोन चाचा, कॉलेजची मुलंमुली आणि मला शाळेत संस्कृत शिकवलेले सर. सावदा, रावेर, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मग बुऱ्हाणपूर आणि त्यापुढे घाट.

गड चढताना एकापाठोपाठ एक दरवाजे लागतात. उत्तरेकडून दख्खनमध्ये उतरणारी वाट इथूनच खाली जाते, त्यामुळे हा गड ज्याच्या हाती त्याच्या हाती ही वाट. वर महादेवाचं देऊळ आहे, तिथे अश्वत्थामा अजून पूजेला येतो असं लोक सांगतात. थोड्या अंतरावर फारुकींची जामा मशीद, आणि १८१९ मध्ये गड घेतलेल्या इंग्रजांच्या पडक्या इमारती व कबरी.

मशिदीच्या सावलीत बसून मी मुलांना फारुकींची गोष्ट सांगू लागलो. १३७० मध्ये मलिक राजाला फिरोजशाह तुघलकाकडून थाळनेरची जहागीर मिळाली, पुढे तो स्वतंत्र झाला. त्याचा मुलगा नासिरखान १३९९ मध्ये गादीवर आला. त्याने तापीकाठी शहर वसवलं आणि खुलताबादचे सुफी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. इथपर्यंत सगळे खूश होते.

मग आसीर कसा मिळाला ते सांगावं लागलं. फरिश्ता लिहितो की गड आसा अहीर नावाच्या गवळी सरदाराकडे होता. माणूस श्रीमंत आणि दिलदार, दुष्काळात धान्याची कोठारं उघडणारा. नासिरखानाने त्याला निरोप पाठवला की शत्रूंनी घेरलं आहे, माझ्या बायकामुलांना गडावर आसरा दे. आसाने दरवाजे उघडले. आधी खरोखर बायकांच्या पालख्या आल्या. दुसऱ्या दिवशीच्या पालख्यांतून शिपाई उतरले. स्वागताला आलेला आसा आणि त्याची मुलं मारली गेली.

एका मुलीने विचारलं, "सर, म्हणजे आपल्या लोकांनी त्याला फसवलं?"

मोठे चाचा लगेच म्हणाले, "बेटा, लढाईत असं चालतं."

मला सुटकेची एक वाट दिसत होती. फरिश्ताने हे दोनशे वर्षांनी लिहिलं, आणि पालख्यांची अशीच गोष्ट शेरशाहने रोहतासगड घेतल्याचीही सांगतात. तेव्हा ती कदाचित फिरती दंतकथाच असेल. हे मी मुलांना सांगितलं, पण त्याच्या आड लपलो नाही. गोष्ट खरी असेल तर तो विश्वासघात होता, चाचा, असं म्हणालो. आणि त्या मुलीला विचारलं की 'आपले लोक' म्हणजे कोण? नासिरखान आपला, तर याच मातीतला आसा अहीर कोणाचा? चाचा थोडे नाराज झाले. सर गप्प होते.

याच गडावर १६०१ मध्ये फारुकींचा शेवट झाला. अकबराच्या वेढ्यात शेवटचा सुलतान बहादूरखान बाहेर आला आणि ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तान्तात त्याला शपथ देऊन बाहेर बोलावलं आणि अडकवलं असं आहे. दरबारी इतिहासात तसं नाही. फसवणारा आणि फसणारा दोघेही मुसलमान असले की आमच्याकडे या गोष्टीवर कोणी भांडत नाही, हेही मी बोलून गेलो.

दुपारी उतरून बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत आलो. काळ्या दगडाची, पंधरा कमानींची, वर घुमट नाही. राजा अलीखान म्हणजे आदिलशाह फारुकी याने ती बांधली. आतल्या भिंतीवर अरबी लेख आहे, आणि संस्कृतही. मुलांनी मोबाईलचे दिवे धरले, सरांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. आरंभी सृष्टी निर्माण करणाऱ्याला नमस्कार आहे, जो अव्यक्त, सर्वव्यापी आणि नित्य आहे. "तुमची तौहीद याहून वेगळी आहे का हो?" सरांनी विचारलं. मग राजा मलिकपासूनची वंशावळ. शेवटी काळ दिलेला आहे: संवत १६४६, शके १५११, म्हणजे जानेवारी १५९०, शिवाय तिथी आणि नक्षत्रही.

"मशिदीत पंचांग?" चाचा पुढे सरकले. सर म्हणाले, "अहो, इथल्या माणसाला दिवस कळायला नको का?"

चाचांनी सरांना पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. अर्थ अर्ध्यावर आला तेव्हा अस्रची अजान झाली. आम्ही वजूला गेलो. सर सहनात बसून राहिले. नमाज आटोपल्यावर चाचाच त्यांना आत बोलवायला गेले, उरलेल्या ओळींसाठी.