सासऱ्यांची पकड

लोखंडी वस्तू घट्ट धरून ठेवणाऱ्या त्या दोन जबड्यांच्या अवजाराला मराठीत ‘शेगडा’ म्हणतात, हे मला साठी उलटल्यावर कळले. प्रथम वाटले, हा शेगडीचा नवरा असावा. लालबाग-परळात मात्र त्याला कुणी शेगडा म्हणत नाही. तिथे तो ‘वाइस’. माझे सासरे गिरणीत फिटर होते, आणि त्यांच्या घरच्या वाइसबद्दल आमची सौ. आजही सख्ख्या भावाच्या मायेने बोलते. सख्ख्या भावाबद्दल तशी बोलत नाही. कारण चाळीतली खोली रिकामी करताना त्याने तो वाइस भंगारवाल्याला किलोच्या भावाने द्यायला काढला होता.

तो आम्ही बोरीवलीला आणला. ‘आम्ही’ म्हणजे तिने ठरवले आणि मी उचलला. पंधरा-सोळा किलो बीड पिशवीत घालून करी रोडहून दादर आणि दादरहून बोरीवली! १२ एप्रिल १८६७ रोजी या मार्गावर विरारहून बॅक बेला पहिली गाडी धावली, तेव्हा दिवसाला एकच गाडी जायची आणि एकच यायची. आता मिनिटामिनिटाला गाडी आहे, पण पाय ठेवायला जागा नाही. चौथ्या सीटवर मी अर्धा आणि मांडीवर अख्खा वाइस. शेजारच्या माणसाने पिशवीला हात लावून नमस्कार केला. त्याला आत मूर्ती असावीशी वाटले. मी खुलासा केला नाही. तेवढीच जागा जास्त मिळाली.

रॉकेल हल्ली औषधालाही मिळत नाही, म्हणून वाइस दोन दिवस डिझेलमध्ये बुडवला. मग तारेचा ब्रश. आमच्या खालच्या मजल्यावर लेथवर आयुष्य काढलेले एक काका राहतात. ते खुर्ची घेऊनच गॅलरीत आले. “रंग फक्त अंगाला,” त्यांनी बजावले. “स्क्रूला नाही, सरकत्या दांड्याला नाही, जबड्याला तर नाहीच. स्क्रूला रंग लावाल तर तुमचा वाइस हलायचा नाही.” म्हणजे जो भाग दिसतो त्याला रंग आणि जो काम करतो त्याला ग्रीस. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षे काढल्यामुळे हे तत्त्व मला लगेच पटले.

जुना वाइस नीट करणे हे काही रिकामटेकड्याचे काम नव्हे, हे मी सौ.ला इतिहासाचा दाखला देऊन सांगितले. लंडनात जोसेफ ब्रामा नावाचा कुलपे करणारा कसबी होता. १७८९ साली त्याच्याकडे हेन्री मॉडस्ले हा अठरा वर्षांचा पोरगा काम मागायला गेला. उमेदवारीची सात वर्षे झालेली नाहीत, याला ठेवायचा कसा, असा प्रश्न पडला. सॅम्युएल स्माइल्सने १८६३ साली लिहून ठेवले आहे, की पोराने बाकावरच्या एका झिजक्या वाइसकडे बोट दाखवले आणि म्हणाला, संध्याकाळी सहाच्या आत हा नवा करून दाखवतो. कोट काढला, जबड्यांना पोलाद चढवले, कानस मारली, पाणी दिले आणि सहाच्या आधीच काम पुरे केले. नोकरी पक्की! पुढे तो तिथला फोरमन झाला, आणि आठवड्याच्या तीस शिलिंगांवर वाढ मागितली तेव्हा नकार मिळाला म्हणून बाहेर पडला. मालक लोक सगळ्या देशांत सारखेच.

बाहेर पडल्यावर १८००च्या सुमारास त्याने स्क्रू कापण्याचा अचूक लेथ बनवला. त्याच्या आधी एका बोल्टाचा नट दुसऱ्याला बसेल याची खात्री नसे. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली सगळ्यांसाठी आट्यांचे एकच माप सुचवले. याचा प्रत्यय मला नागदेवी स्ट्रीटवर आला. आमच्या वाइसच्या एका जबड्याचा स्क्रू हरवला होता आणि बोरीवलीत मिळालेला एकही बसेना. नागदेवीच्या दुकानदाराने उरलेला स्क्रू नुसता नखाने चाचपला. “हा मिलिमीटरचा नाही, व्हिटवर्थ आहे,” असे म्हणून त्याने डबा पुढे केला.

मॉडस्ले मुंबईला कधी आला नाही, पण त्याच्या कारखान्याची इंजिने आली. १८२९ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या ‘ह्यू लिंडसे’ या आगबोटीवर ती बसवली. पुढच्या मार्चमध्ये बोट सुएझला निघाली. कोळशाची सोय पाच-साडेपाच दिवसांची आणि एडन अकरा दिवसांवर. म्हणून उतारूंच्या खोल्यांतही कोळसाच भरला! नंतर १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवच्या सूतगिरणीची कंपनी काढली, आणि बघता बघता मुंबईत यंत्रे आणि ती चालती ठेवणारे फिटर, दोन्ही वाढले.

त्यांतलेच एक माझे सासरे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. सासऱ्यांनी वाइस खिडकीपाशी फळीला ठोकला आणि लोकांचे स्टोव्ह, शिवणयंत्रे, सायकली दुरुस्त करू लागले. सौ. तेव्हा अकरावीत होती. वीज गेली की कंदील धरायची. अकरावीची आणि बारावीची फी या जबड्यांतून निघाली, असे ती सांगते. एवढेच सांगते.

डाव्या जबड्याला एक खोल खाच आहे. काका म्हणाले, “हे बदला, नव्या पट्ट्या मिळतात.” मी पाना उचलला. आतून आवाज आला, “ती कानस बाबांची आहे. हात लावायचा नाही.” मॉडस्लेने जबडे नवे केले म्हणून त्याला नोकरी मिळाली, मी केले असते तर मला जेवण मिळाले नसते. पाना खाली ठेवला. काकाही काही बोलले नाहीत. उठून ग्रीसचा डबा घेऊन आले.

तांबडा प्रायमर, वर निळे एनॅमल, दोन हात. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची सभा परवाच झाली. नव्या नकाशात गॅलरी नाही. सौ.ने सगळ्यांदेखत वास्तुविशारदाला विचारले, “वाइस कुठे बसवायचा?” त्याने वहीत काहीतरी लिहून घेतले. काय लिहिले ते मी वाकून पाहिले: ‘एअर कंडिशनर?’ सौ.ने त्याच्या हातातले पेन घेतले, ते खोडले, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी फुली मारली.