दांडा, कळ आणि लहरी मोटार

मोटार मुळींच चालू न होणें हें संकट खरें; परंतु ती कधीं चालू होते आणि कधीं होत नाहीं, हें त्याहून मोठें संकट होय. ठार बिघडलेलें यंत्र आपला दोष कबूल तरी करतें. लहरी यंत्र मिस्त्री दारांत येतांच शहाण्यासारखें वागूं लागतें. गेल्या पावसाळ्यांत आमच्या मोटारीनें हा अनुभव आम्हांस तीन वेळां दिला. त्यांपैकीं एकदां तर मध्यरात्रीं आजारी आईस घेऊन निघावयाचें होतें.

आरंभींच्या मोटारींना कळ नव्हती. पुढील बाजूस लोखंडी दांडा घालून तो हातानें फिरवावा लागे. ठिणगीची वेळ अगोदर मागें ओढून ठेवावी, आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा आणि दांडा खालीं न दाबतां वर ओढावा, असा जाणत्यांचा पाठ असे. तो चुकल्यास दट्ट्या वर पोंचण्यापूर्वींच पेट्रोल पेटे, एंजिन उलट फिरे आणि दांड्याचा तडाखा मनगटावर बसे. मनगटाजवळच्या हाडाच्या एका मोडीस वैद्यकांत आजही ‘शोफरचा अस्थिभंग’ असेंच नांव आहे.

ह्या संकटांतून जगास सोडविलें तें अमेरिकेंतील डेटन गांवच्या चार्लस केटरिंगनें. दुकानांतील गल्ल्याचें यंत्र विजेवर चालविण्याचें काम त्यानें पूर्वीं केलें होतें. जें यंत्र क्षणभरच राबावयाचें आहे, त्यावर नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक भार घातला तरी तें जळत नाहीं, हें तत्त्व त्यानें येथें लावलें. कॅडिलॅकच्या १९१२ च्या नमुन्यांत विजेचा स्टार्टर आला; १९०८ पासून निघणाऱ्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला तो १९१९ सालीं मिळाला. दांड्याच्या धाकानें दूर राहिलेल्यांसही मोटार हांकणें शक्य झालें.

मात्र ह्या लाभाबरोबर एक गोष्ट हातची गेली. दांडा फिरविणाऱ्यास एंजिनाची नाडी हातालाच कळे. आतां बॅटरी, तारा, किल्ली आणि स्टार्टर अशी लांब साखळी मध्यें आली, आणि दोष तर्कानें शोधावा लागला. त्याची रीत सोपी आहे. दिवे लावून किल्ली फिरवावी. एंजिन फिरलें पण पेटलें नाहीं, तर दोष बहुधा ठिणगीचा अथवा पेट्रोलचा. एंजिन हललें नाहीं आणि दिवे तसेच राहिले, तर वीज स्टार्टरपर्यंत पोंचत नाहीं, अथवा तो ती घेत नाहीं. दिवे मंदावले, तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिचे जोड सैल वा गंजलेले आहेत.

आम्हीं मात्र पहिल्याच वेळीं उतावळेपणानें नवी बॅटरी आणविली. पुढें दोन्ही वेळां दिवे मंदावले, तेव्हां दोष जोडांतच असला पाहिजे, हें उमगलें. बॅटरीची जी तार मोटारीच्या सांगाड्यास जोडलेली असते, तिच्या बोल्टाखालीं गंज सांपडला. शेजाऱ्यांनीं मोटार ढकलली कीं धक्क्यानें जोड पुनः लागे, आणि मिस्त्री येईपर्यंत रोग पळून जाई! गंज घासून बोल्ट आवळण्यास दहा मिनिटें पुरलीं.

दांडा परत यावा, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. मोडलेलीं मनगटें कोणास हवीं आहेत? परंतु यंत्रानें आमच्या हाताचे श्रम हरण केले, म्हणून लक्ष देण्याचे श्रमही हरण केले, अशी समजूत आम्हीं करून घेतली होती. त्या मध्यरात्रीं आईनें पायरीवर बसून काढलेला अर्धा तास, हें त्या समजुतीचें मोल होतें.