गालिच्याची पाठ

'गालिचा' हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्यातील अन्त्य 'चा' हा 'बगिचा'तल्याप्रमाणे लघुत्वदर्शक प्रत्यय होय. शब्द टिकला, वस्तू मात्र बदलली. पुण्याच्या येरवडा कारागृहात कैदी गालिचे विणीत. मुंबई इलाख्यातील या कलेवर ट्विग यांनी १९०७ मध्ये प्रबंध लिहिला. गाठींच्या गालिच्यात ताण्याच्या धाग्यांना गाठी मारून मध्ये आडवा धागा ठोकीत. त्यामुळे लव आणि पाठ एकत्रच सिद्ध होत. उलट, यंत्राच्या टोचकामात तयार कापडात सुयांनी लव ओवतात व मागे लॅटेक्सने अस्तर चिकटवतात. पहिल्याच्या पाठीवर गाठ नि गाठ मोजता येते. दुसऱ्याची पाठ अस्तराखाली झाकते. एकाच नावाने हा भेद पुसला जातो. म्हणून कैद्यांच्या श्रमाचा इतिहास लिहिणाऱ्याने कोशाबरोबर गालिच्याची पाठही वाचावी.