सहजीवन की नुसता शेजार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गोड्या मसाल्यातले दगडफूल आपल्या ओळखीचे आहे. ते फूल नव्हे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. बुरशी आणि शैवाल हे दोन वेगळे जीव एकमेकांना धरून राहतात, तेव्हा दगडफूल बनते. बुरशी आसरा आणि ओलावा देते, शैवाल उन्हात अन्न तयार करते. अशा एकत्र राहण्याला जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७९ च्या सुमारास 'सिम्बायोसिस' हे नाव रूढ केले. ग्रीक भाषेत 'सिन' म्हणजे सोबत आणि 'बायोस' म्हणजे जीवन. मराठीत आपण त्याला सहजीवन म्हणतो. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये पुण्यात काढलेल्या संस्थेला हेच नाव दिले.

गंमत अशी, की दोघांचाही फायदा व्हावा, अशी अट द बारींनी घातलीच नव्हती. बांडगूळ झाडाला शोषते, तेही त्यांच्या लेखी सिम्बायोसिसच. 'परस्परांचे भले' हा अर्थ शब्दाला पुढे चिकटला.

याच्या उलट शब्द १८८९ मध्ये फ्रान्समध्ये घडला. एक जीव दुसऱ्याला जगू देत नाही, ते 'अँटिबायोसिस'. त्यातूनच 'अँटिबायोटिक' आले. १० मार्च १९५४ रोजी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि थोड्याच काळात तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे सात आठवड्यांनी, २९ एप्रिल १९५४ रोजी, पेकिंगमध्ये भारत-चीन करार झाला. त्यातल्या पंचशीलाचे पाचवे तत्त्व होते शांततामय सहअस्तित्व, म्हणजे इंग्रजीतले 'को-एक्झिस्टन्स'.

सहअस्तित्व आणि सहजीवन यांत फरक आहे. सहअस्तित्व एवढेच सांगते, की तुम्ही तुमच्या जागी, आम्ही आमच्या जागी, कुरापत नको. ते तत्त्व १९६२ च्या युद्धात मोडले. त्याच वर्षी १ ऑगस्टला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या शिवारात कारखान्यांच्या भिंती उभ्या राहू लागल्या.

पिंपरीत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे होती. मग सातारा-सांगलीचे, मराठवाड्याचे, खानदेशाचे लोक कामाला आले. त्यांच्यामागून उत्तर प्रदेश-बिहारचे. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. एका गावाने दुसऱ्याला घडवले, हे खरेच. मुळच्या शेतकऱ्याला मुलाची नोकरी, खोल्यांचे भाडे, दुकान मिळाले.

पण जमिनीचा हिशेब तितका सरळ नाही. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना साडेबारा टक्के परतावा देण्याचा प्रश्न कित्येक दशके रेंगाळला. २०२१ मध्ये ते प्राधिकरणच विसर्जित झाले. आयुष्यभर कचेरीचे उंबरठे झिजवणाऱ्याला 'विकासात तुमचाही वाटा' हे वाक्य कसे ऐकू आले असेल?

पुढे तीच वाट चाकणला गेली. कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाभोवती आता मोटारी तयार होतात. इकडे आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगताना वारकऱ्यांनी अलीकडच्या वर्षांत वारंवार पाहिला आहे. हा फेस येतो वरच्या अंगाने सोडलेल्या कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्यातून. नदी सर्वांना पाणी देते. तिला परत काय मिळते?

कारखाना आणि गाव शेजारी उभे आहेत, एवढ्याने सहजीवन सिद्ध होत नाही. कोण कोणाला काय देतो आणि किती घेतो, ते पाहावे लागते. द बारींच्या मूळ व्याख्येचा उपयोग इथेच आहे. सोबत राहणे ही नुसती वस्तुस्थिती. ते भल्याचे की शोषणाचे, हे तपासायचे काम उरतेच.

दगडफुलाची आणखी एक खोड आहे. हवा बिघडली, की झाडांच्या आधी तेच नाहीसे होऊ लागते. म्हणून शास्त्रज्ञ हवेची पारख करायला दगडफूल शोधतात. आपल्या गावातल्या जुन्या झाडांच्या खोडांवर ते अजून आहे का, एकदा पाहून यायला हरकत नाही.