जुन्या मोटारींतील गिअरपेटी-बदल

जुन्या मोटारीची मूळ हाताने चालवायची गिअरपेटी काढून तिच्या जागी त्याच प्रकारची दुसऱ्या मोटारीची पेटी बसवण्यास गिअरपेटी-बदल म्हणतात. मूळ पेटीचे सुटे भाग दुर्मीळ झाल्यास किंवा महामार्गावर इंजिनाचे फेरे कमी राखण्यासाठी हा बदल केला जातो.

पार्श्वभूमी
मुंबईतील कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत १,०८९ घन सेंमी क्षमतेचे इंजिन व चार गिअरांची पेटी असे. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर होती. तिच्या जोडदांड्या व बुश झिजल्यास गिअर अडकतात. अखेरच्या काळातील एस-१ पद्मिनीत तळावर दांडी असलेली निसान बनावटीची पेटी आली. १९९०च्या दशकातील अ‍ॅम्बॅसेडर १८०० आयएसझेडला पाच गिअरांची पेटी होती. मात्र ती इसुझू इंजिनासाठी असल्याने जुन्या इंजिनाला थेट जुळत नाही.

गुणोत्तरांची निवड
पेटी निवडताना गिअरांच्या संख्येपेक्षा गुणोत्तरे महत्त्वाची ठरतात. डिफरन्शियल तेच ठेवून पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.८ ऐवजी ३.३ झाल्यास चाकांना मिळणारी ओढ सुमारे १३ टक्क्यांनी घटते. चौथा गिअर १.० व पाचवा ०.८५ असल्यास चौथ्यात ४,००० फेऱ्यांवर मिळणारा वेग पाचव्यात ३,४०० फेऱ्यांवर मिळतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कोडोलीहून पन्हाळा किंवा जोतिबाचा डोंगर चढणाऱ्या लहान इंजिनाच्या मोटारीला खालच्या गिअरांची ओढ लागते; पाचव्या गिअरचा लाभ पुणे–बंगळूर महामार्गासारख्या सपाट, लांब रस्त्यावर होतो.

बसवणी
इंजिन व पेटी यांमधील बेल हाउसिंग, क्लच प्लेटचे खाचे, पेटीची लांबी आणि दांडीची जागा आधी मोजतात. बेल हाउसिंग जुळत नसल्यास जोडपट्टी घडवतात. तिचा मध्य क्रँकशाफ्टच्या मध्याशी तंतोतंत न जुळल्यास बेअरिंग व क्लच लवकर झिजतात. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलल्यास त्याचा तोल पुन्हा साधावा लागतो. स्पीडोमीटरचे दंतचक्रही जुळवावे लागते.

कायदा व मूळ स्वरूप
मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होतील असे फेरफार करता येत नाहीत. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी वाहन ५० वर्षांहून जुने असावे लागते आणि त्याच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. त्यामुळे सांगाडा किंवा बॉडीचा तळ न कापता बसणारी पेटी निवडणे आणि मूळ पेटी जपून ठेवणे श्रेयस्कर मानले जाते.