बाईच्या हाती बंदूक

आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांत बाईचा आणि बंदुकीचा संबंध वर्षातून एकदा येतो. दसऱ्याला. कोयत्याबरोबर, पाळकोयत्याबरोबर बंदूकही पाटावर मांडायची, नळीला गंध लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा घरच्या पुरुषाच्या खुंटीवर.

निवडणूक आली की परवानाधारकांना बंदुका जमा कराव्या लागतात. त्यांच्या याद्या करण्याचं काम नोकरीत काही वर्षं माझ्याही वाट्याला आलं. डुकरांपासून, माकडांपासून शेती-बागायती राखण्यासाठी घेतलेल्या त्या बंदुका. मी पाहिलेल्या यादीत बाईचं नाव विरळाच, आणि असलंच तर नवऱ्याच्या पश्चात चढलेलं. तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून बसला. बायकांना बंदूक चालवता येत नव्हती, की त्यांच्यापर्यंत ती कुणी येऊच दिली नव्हती?

इतिहास चाळला तर पहिली शंका लगेच फिटते. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारात आलेल्या मेगॅस्थेनिसच्या वृत्तांताचा आधार घेऊन ग्रीक लेखकांनी लिहून ठेवलं आहे की राजा शिकारीला निघाला की त्याच्याभोवती सशस्त्र स्त्रियांचा गराडा असे. कुणी रथात, कुणी घोड्यावर, कुणी हत्तीवर. आपल्या शेजारच्या कर्नाटकात बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरातल्या मदनिकांमध्ये धनुष्य घेतलेली शिकारीणही आहे. बाराव्या शतकातल्या त्या शिल्पकाराला त्यात वावगं काही वाटलेलं दिसत नाही.

बंदूक आल्यावरची गोष्ट तर जहांगीर बादशहानेच आपल्या आठवणींत नोंदवली आहे. १६१७ साली तो माळव्यात मांडूला मुक्कामाला होता. त्या दिवसांत नूरजहानने हत्तीवरच्या अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ मारले. हत्ती वाघाच्या वासाने स्थिर उभा राहत नाही आणि अंबारीतून नेम साधणं सोपं नसतं, म्हणून बादशहाला याचं फार कौतुक वाटलं. बंदूक भरणाऱ्या नूरजहानचं अबुल हसनने काढलेलं चित्र आजही रामपूरच्या रझा ग्रंथालयात आहे.

पुढे संस्थानी काळात आपल्या मराठी माणसांचा धागाही यात येतो. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची लेक इंदिराराजे. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. ते तिने मोडलं आणि १९१३ मध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी आपल्या मनाने लग्न केलं. तिची मुलगी म्हणजे जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी. कूचबिहारच्या जंगलात वयाच्या बाराव्या वर्षी तिने पहिला बिबट्या मारला. बडोद्याची ही नात पुढे राजकारणात गाजली, पण हातात बंदूक त्याआधीच आली होती.

मात्र या सगळ्या गोष्टींत एक बारीक मेख आहे. या स्त्रियांना बंदूक मिळाली ती बादशहाची बेगम म्हणून किंवा राजाची लेक म्हणून. हत्ती घरचा, जंगल घरचं, काडतूस घरचं. साध्या घरातल्या बाईला यातलं काय मिळणार?

साध्या बायकांच्या शिकारीची एक आठवण झारखंडच्या उरांव समाजाने जपली आहे. तिचं नाव 'जनी शिकार'. बारा वर्षांतून एकदा बायका पुरुषांचा वेष घालून, हत्यारं घेऊन शिकारीला निघतात. आख्यायिका अशी की पुरुष सणाच्या नशेत असताना रोहतासगडावर शत्रू चालून आला आणि बायकांनीच पुरुषांच्या वेषात गड लढवला. बारा वर्षांतून एकदाच का होईना, त्या दिवशी रान बायकांचं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं पर्व कायद्यापुरतं तरी मिटवलं, आणि ते बरंच झालं. म्हादईच्या रानातला वाघ जिवंतच राहिला पाहिजे, यावर माझं दुमत नाही. पण नेम साधण्याची विद्या शिकारीबरोबर मेली नाही. ती आधीच मैदानात आली होती. बिकानेरचे करणी सिंह पाच ऑलिंपिकांत नेमबाजीत उतरले आणि १९६२ च्या कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं. त्यांची मुलगी राज्यश्री कुमारी हिला १९६८ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची होती. कर्तृत्व तिचं स्वतःचं, पण बंदूक अजून राजवाड्याच्या आतच.

जगातही दार सताड उघडं नव्हतं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये तीन स्त्रिया पुरुषांबरोबर नेमबाजीत उतरल्या. १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉकचे आणि तिचाच देशबंधू लॅनी बॅशमचे गुण सारखे झाले. नियमाने सुवर्ण बॅशमला गेलं, तेव्हा राष्ट्रगीताच्या वेळी त्याने तिला हाताला धरून वरच्या पायरीवर घेतलं. १९८४ ला स्त्रियांचे तीन स्वतंत्र प्रकार सुरू झाले. आणि १९९२ ला बार्सिलोनात गंमतच झाली. स्कीट प्रकार तेव्हा स्त्री-पुरुषांचा एकत्र होता, आणि चीनच्या झांग शानने सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. पुढच्या, १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांचा! स्त्रियांचं स्कीट यायला २००० साल उजाडलं. जिंकलेल्या बाईला आपलं पदक राखायला रांगेत उभंसुद्धा राहता आलं नाही. उत्तेजन द्यायचं ते असं असतं का, हे वाचकांनीच ठरवावं.

आपल्याकडे मात्र एक साधी सरकारी गोष्ट उपयोगी पडली. एनसीसी. १९४८ मध्ये ती स्थापन झाली आणि १९४९ मध्ये मुलींचा विभाग सुरू झाला. शिबिरात गेलेल्या मुलीच्या हाती पॉइंट टू टूची रायफल येते. ती बापाची नसते, नवऱ्याची नसते. सरकारची असते, काडतूसही सरकारचं. कुलीनतेचा दाखला लागत नाही, हजेरी लागते. मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीत असलेली अंजली वेदपाठक, लग्नानंतरची अंजली भागवत, याच वाटेने आली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तिने अंतिम फेरी गाठली, २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदकं आणली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं. राही सरनोबतच्या हाती बंदूक पहिल्यांदा आली ती शाळेच्या एनसीसीत, आणि तेजस्विनी त्याच शाळेची जुनी विद्यार्थिनी. राहीने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. एका शाळेतून दोघी! समोर एक मुलगी नेम धरताना दिसली की दुसरीला तो आपलाही उद्योग वाटू लागतो.

आणि २०२४ चं पॅरिस. मनू भाकरने दोन कांस्यपदकं घेतली. ऑलिंपिक नेमबाजीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेला रायफलमध्ये कांस्य मिळालं. त्याची प्रशिक्षक कोण? अथेन्स ऑलिंपिकला गेलेली दीपाली देशपांडे. बाईने बंदूक धरली की विद्या पुढे मुलालाही मिळते, ही गोष्ट आपल्या वर्तमानपत्रांनी ठळक छापायला हवी होती.

आता आपलं बघू. ठरावीक शक्तीपर्यंतच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. दहा मीटरची रेंज एखाद्या बंद सभागृहातही बसते. दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर, टाचणीच्या डोक्याहूनही बारीक. तिथे दंडातल्या ताकदीपेक्षा श्वास आवरण्याचं, मन जागेवर ठेवण्याचं काम जास्त. सुईत दोरा ओवणाऱ्या, रात्रभर जागून अबोल्यांचे वळेसर गुंफणाऱ्या आपल्या बायकांना ते जमणार नाही असं कोण म्हणेल?

म्हणून माझं सांगणं थोडक्यात. मुलगी आठवीत-नववीत गेली की तिच्या शाळेत एनसीसी आहे का विचारा. नसेल तर मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या, पालक-शिक्षक संघात विषय काढा. शिबिराचा कागद सहीसाठी घरी आला की 'तू मुलगी, तुला कशाला' म्हणून तो परत पाठवू नका. मी कारकून माणूस. कितीतरी गोष्टी एका सहीवाचून अडून राहतात, हे मी रोज बघतो. ही सही तरी अडू नये.