लुपस : एकाला ऊन औषध, दुसऱ्याला अपथ्य

१.
वैद्यकाच्या इतिहासात काही नावे फसवी असतात. 'लुपस' हे त्यांपैकी एक. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ लांडगा. लांडग्याने लचके तोडल्यासारखे दिसणाऱ्या चेहऱ्यावरील व्रणांना मध्ययुगीन युरोपात हे नाव मिळाले. पुढे या एकाच नावाखाली दोन निराळे आजार नांदू लागले. एकावर प्रकाश हा उपाय ठरला, तर दुसऱ्याला तोच बाधला. 'ड' जीवनसत्त्वाची कहाणी या दोहोंमधून जाते. आजचा धागा तिच्याविषयी.

२.
पहिला लुपस व्हल्गॅरिस, म्हणजे त्वचेचा क्षय. १८९५ साली कोपनहेगनमध्ये नील्स फिन्सेन या डॉक्टरांनी कार्बन आर्क दिव्याचा प्रखर प्रकाश भिंगांतून एकवटून अशा रुग्णाच्या त्वचेवर सोडला. उपचार यशस्वी झाला. १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढल्याच वर्षी, वयाच्या ४३ व्या वर्षी, ते निवर्तले.

३.
त्या काळी 'ड' जीवनसत्त्व कुणाला ठाऊक नव्हते. त्याचा शोध लागला तो मुडदूस या हाडांच्या विकारामुळे. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांनी मुडदूस बरा होतो, हे दाखवले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांना कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा तसाच गुण आढळला. १९२२ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी तेलातील हा घटक 'अ' जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचे सिद्ध केले. तेच 'ड'.

४.
त्याच १९२२ साली आपल्या नाशिकचे नाव या इतिहासात आले. हचिसन आणि शाह या डॉक्टरांनी तेथील मुडदुसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडदा पाळणाऱ्या सुस्थित घरांतील मुलांना हा विकार होता; उन्हात राबणाऱ्या गरीब कुटुंबांत, आहार निकृष्ट असूनही, तो क्वचितच दिसे. देशात ऊन असून भागत नाही, ते त्वचेपर्यंत पोहोचावे लागते, हा त्यातील धडा. तो पुढे पुन्हा लागणार आहे.

५.
१९४० च्या दशकात फ्रान्समध्ये शार्पी आणि इंग्लंडमध्ये डाउलिंग यांनी त्वचेच्या क्षयावर 'ड' जीवनसत्त्वाचीच प्रचंड मात्रा देऊन पाहिली. अनेकांचे व्रण भरले. पण रक्तातील कॅल्शियम वाढून काहींच्या मूत्रपिंडांना अपायही झाला. १९५२ नंतर आयसोनियाझिडसारखी क्षयावरची औषधे आली आणि हा उपचार मागे पडला. हाडांचे जीवनसत्त्व क्षयावर कसे चालले, हे कोडे मात्र उरले.

६.
त्याचे उत्तर १९८० च्या दशकात उलगडू लागले. रोगप्रतिकारक पेशींमध्ये 'ड' जीवनसत्त्व ओळखणारे ग्राही सापडले. २००६ मध्ये दिसले, की क्षयाचा जंतू ओळखल्यावर भक्षक पेशी याच जीवनसत्त्वाच्या मदतीने कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन तयार करतात. प्रतिकारशक्तीला आवर घालण्याचे कामही ते करते.

७.
आता दुसरा लुपस. १८५१ मध्ये पॅरिसच्या काझनाव्ह यांनी त्याला 'लुपस एरिथेमॅटोसस' म्हटले. १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या कापोसी यांनी तो त्वचेपुरता मर्यादित नसल्याचे दाखवले. येथे जंतू नसतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, त्यांच्या केंद्रकातील द्रव्य उघडे पडते आणि त्यावर हल्ला होऊन आजार उसळतो.

८.
म्हणून या रुग्णांना ऊन टाळायला सांगतात. नाशिकचा पडदा रूढीने घातला होता. हा पडदा वैद्यकाने घातलेला आहे, आणि तो आवश्यक आहे. पण परिणाम तोच : 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता. आजाराने मूत्रपिंडे बिघडली, तर या जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप घडणेही मंदावते. शिवाय दीर्घकाळ घ्यावी लागणारी स्टिरॉइड्स हाडे ठिसूळ करतात, त्यामुळे ही उणीव अधिकच जाचते.

९.
मग जीवनसत्त्व दिल्याने असे आजार टळतात का? २०२२ मध्ये अमेरिकेतील 'व्हायटल' चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशी गाठलेल्या वा ओलांडलेल्या २५,८७१ लोकांपैकी ज्यांना सुमारे पाच वर्षे रोज २,००० युनिट 'ड' मिळाले, त्यांच्यात स्वयंप्रतिकार विकार सुमारे २२ टक्क्यांनी कमी उद्भवले. हा पुरावा प्रतिबंधाचा आहे. जडलेला लुपस बरा होतो, असा त्याचा अर्थ नाही.

१०.
'कोवळ्या उन्हात बसत जा, बरे वाटेल,' हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो. मुडदुसाच्या इतिहासाने त्याला बळ दिले आहे. परंतु लुपसच्या रुग्णाला तो देण्यापूर्वी दोन लुपसांमधील फरक आठवावा. त्याची उणीव रक्ततपासणीने मोजून, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेने भरून काढावी लागते; आणि मात्रा ओलांडल्यास काय घडते, हे १९४० च्या दशकाने दाखवलेच आहे.